टोकन परत आणा!

‘फक्त एक मिनिट हं!’ या चार शब्दांनी मनुष्यजातीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं पटकी, प्लेग आणि चक्रवाढ व्याज यांनी मिळूनही केलं नसेल, असं माझं ठाम मत आहे. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसून बनलेलं मत आहे. तेव्हा ते बदलण्याची आशा कुणी धरू नये.

मी कॉमर्सचा पदवीधर. कुठल्याही गोष्टीला खर्च किती आला आणि तो कुणाच्या नावे पडला, हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून या ‘एका मिनिटा’चा हिशेब मांडतो. समजा, मी शंभर नोटांची गड्डी हातानं मोजतोय. (नोटा मोजायचं मशीन असतं, हे मला ठाऊक आहे. ते बहुधा बंद असतं, हे तुम्हांला ठाऊक आहे.) सदुसष्टवर आलो, की काचेच्या भोकातून एक तोंड आत येतं. ‘ओ सायेब, निस्तं इचारायचं हुतं, पासबुक कुठं भरून मिळतंय?’ मी बोट दाखवतो. बोट दाखवायला लागतात दोन सेकंद. पण सदुसष्ट गेले ते गेले. पुन्हा एकपासून सुरुवात. म्हणजे विचारणाऱ्यानं घेतले दोन सेकंद आणि खर्च पडला पाऊण मिनिटाचा. हा खर्च त्याच्या नावे पडत नाही, बँकेच्याही पडत नाही. तो पडतो रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हातारीच्या नावे. ती आलेली असते सकाळच्या एसटीनं, पन्हाळ्याच्या बाजूच्या कुठल्या तरी वाडीवरनं, निराधार पेन्शनचे पैसे काढायला. तिची परतीची गाडी दीडची असते. ती गेली की पुढची थेट साडेचारला.

ती म्हातारी स्वतः कधी मध्ये तोंड घालत नाही. पिशवी छातीशी धरून निमूट उभी राहते. म्हणून तिच्या वतीनं हे भांडण मी काढतो आहे.

आता यावर कुणीतरी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवणार, हे मला माहीत आहे. देशातल्या निम्म्या बँकांत गांधीजींच्या नावानं एक पाटी लावलेली असते. ग्राहक हा तुमच्या कामातला व्यत्यय नाही, तोच तुमच्या कामाचं कारण आहे, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं. गांधीजी हे कुठं आणि कधी म्हणाले, याचा पुरावा काही कुणी दाखवलेला नाही. पण विधान चांगलं आहे आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे. रांगेतली म्हातारी व्यत्यय नाहीच. व्यत्यय आहे तो रांग सोडून येणाऱ्याचा. टेबलावर खणखणणारा फोन, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधली बेल, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘अर्जंट’ म्हणून पडलेलं वरच्या ऑफिसचं फर्मान, ‘आज किती विमा पॉलिसी खपवल्या?’ ही दर तासाची चौकशी, या सगळ्यांचं काम म्हातारीच्या आधी होतं. का? तर ते ओरडतात आणि ती ओरडत नाही.

आणि या ओरडण्याला ओ देत धावणाऱ्याला आपल्याकडे ‘तत्पर’ म्हणतात! त्याला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून गुच्छ मिळतो. माझं म्हणणं असं, की हाकेसरशी हातातलं काम टाकून धावणं हा कामचुकारपणाचाच एक प्रकार आहे. फक्त तो धावत केला जातो, म्हणून ओळखू येत नाही.

माझ्या बाजूनं साक्ष द्यायला मी असा साक्षीदार आणला आहे, की ज्याला ना युनियन आहे, ना महागाई भत्ता, ना किरकोळ रजा. तो म्हणजे आमच्या शाखेतल्या जिन्याखालच्या कपाटात राहणारा नेटवर्कचा स्विच.

स्विच म्हटल्यावर भिंतीवरचं बटण डोळ्यांपुढे आणू नका. ही एक चपटी लांबट पेटी असते. तिला पुढे चोवीस भोकं, चोवीस भोकांत चोवीस वायरी आणि प्रत्येक भोकाशी लुकलुकणारा एक हिरवा दिवा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाला रोषणाई करतात तसा एकूण थाट. शाखेतले सगळे कॉम्प्युटर, पासबुकाचा प्रिंटर आणि वरच्या ऑफिसकडे जाणारी लाइन, सगळी मंडळी या पेटीत येऊन भेटतात. आम्ही काउंटरवरून ‘लिंक नाही’ म्हणून सांगतो तेव्हा ती कुठं नाही, हे पुष्कळदा या पेटीलाच ठाऊक असतं. आम्हांला नसतं.

ही सगळी विद्या मला भाच्यानं शिकवली. तो पुण्याला हिंजवडीत या स्विचचे ‘ड्रायव्हर’ लिहितो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राला हाकणारा प्रोग्रॅम. आमच्या ताईनं मुलीकडच्यांना ‘मुलगा ड्रायव्हरचंच काम करतो, पण पगार चांगला आहे’ असं सांगून एक जमलेलं स्थळ घालवलं, ही गोष्ट वेगळी. दिवाळीला आला असताना मी त्याच्यापुढे काउंटरवरचं रडगाणं गायलो, तर तो हसायला लागला.

‘मामा, अहो, मी दिवसभर यावरच तर काम करतो. याला आमच्यात इंटरप्ट म्हणतात. चिपला काही सांगायचं झालं, की ती एका तारेवरनं प्रोसेसरला हाक मारते. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम जागच्या जागी ठेवतो, कुठवर आलो होतो याची नोंद करतो, हाकेला जातो आणि परत येऊन त्याच नोंदीपासून पुढे सुरू करतो.’

‘म्हणजे सदुसष्टपासून?’

‘सदुसष्टपासून.’

मला आयुष्यात प्रथमच एका यंत्राचा हेवा वाटला.

‘पण फुकट नाही हं,’ तो म्हणाला. ‘काम ठेवायला आणि उचलायला त्यालाही वेळ लागतोच. म्हणून हाकेला जाऊन काय करायचं, याचा पहिला नियम असा, की काम करायचं नाही.’

हा नियम ऐकून मला वाटलं, की पोरगं आमच्या ऑफिसची टिंगल करतंय. पण नाही. नियम खरोखरच तसा आहे. हाकेला गेल्यावर फक्त ‘ऐकलं बरं का’ अशी पोच द्यायची, कशासाठी हाक होती ते टिपून ठेवायचं आणि ताबडतोब मागे फिरायचं. खरं काम मागाहून, सवडीनं, क्रमानं. या पहिल्या भागाला ते लोक ‘वरचा अर्धा’ म्हणतात आणि मागाहूनच्या भागाला ‘खालचा अर्धा’. वरचा अर्धा जितका छोटा तितका ड्रायव्हर चांगला.

हे ऐकलं मात्र, आणि मला लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली बँक आठवली. खिडकीत पैसे काढायची स्लिप सरकवली की आतून एक पितळी टोकन बाहेर यायचं. गोल, जड, वर नंबर कोरलेला. ते मुठीत धरून आपण बाकावर बसायचं. स्लिप आत लेजरवर जायची, शिल्लक आणि सही तपासली जायची, अधिकारी ती पास करायचा, आणि मग कॅशियर आपल्या पिंजऱ्यातून हाक द्यायचा, ‘सत्तेचाळीस!’ टोकन देणारा देताना एक पैसाही मोजत नसे आणि पैसे मोजणाऱ्याला मोजताना कुणी पत्ता विचारत नसे. वरचा अर्धा, खालचा अर्धा! जे शहाणपण अमेरिकेतले इंजिनियर आज ड्रायव्हर लिहिताना पाळतात, ते आमच्याकडे पितळेत ओतलेलं होतं. आणि आम्ही काय केलं? सुधारणा केली. ‘सिंगल विंडो’ आणली. आता एकच माणूस एकाच खिडकीत स्लिप घेतो, सही बघतो, नोटा मोजतो, आधार जोडतो, पत्ता सांगतो आणि विमा विकतो. पितळी टोकनं कुठं गेली, ते भंगारवाल्यालाच ठाऊक.

स्विचचं प्रकरण तर याहून आमच्या जवळचं आहे. चोवीस भोकांची चिप, पण पुष्कळदा तिच्यापासून प्रोसेसरकडे जाणारी हाकेची तार एकच. ती फक्त ‘कुणीतरी आलंय’ एवढंच सांगते, आमच्या शिपायासारखी. कोण आलंय, कशाला आलंय, पाचव्या भोकातली वायर निघाली की बाराव्यात नवी लागली, हे समजायला चिपचं रजिस्टर वाचावं लागतं. ते रजिस्टर एका दोन तारांच्या संथ रस्त्यानं मागवावं लागतं. उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि इथं दुसरा नियम आडवा येतो.

‘हाकेला गेलेल्या हँडलरला झोपायला परवानगी नसते, मामा.’

‘कुठल्या खात्यात नोकरीला आहे रे हा?’

यंत्राच्या भाषेत झोपणं म्हणजे उत्तराची वाट बघत थांबणं. दारात उभ्या उभ्या ते करायचं नाही. म्हणून दारातला माणूस फक्त चिठ्ठी घेतो आणि आतल्या एका स्वतंत्र कामगाराकडे देतो. त्याला ‘थ्रेड’ म्हणतात आणि त्याला झोपायची रीतसर सवलत असते. तो सावकाश रजिस्टर वाचतो, एकेका भोकाची चौकशी मिटवतो. आणि ऐका, हा कामगार काम संपवेपर्यंत ती हाकेची तार बंद ठेवलेली असते! याला म्हणतात ‘मास्क’ करणं. एकाचं पुरं होईपर्यंत दुसऱ्याची हाक ऐकूच येत नाही. ती हरवत मात्र नाही; चिपच्या रजिस्टरात तिची नोंद राहते. मला सांगा, वीस वर्षांत कुठल्या साहेबानं आपल्या क्लार्कला ‘तुझी ही गड्डी मोजून होईपर्यंत मी बेल वाजवत नाही’ असं म्हटलंय?

शिवाय स्विचमधला प्रोसेसर हा हमाल नाही, मॅनेजर आहे. या भोकातनं आलेला माल त्या भोकात पाठवणं हे काम चिप परस्पर करते. कुणाचा पत्ता कुठल्या भोकाशी, याचं टिपण ती ठेवते. आणि पाच मिनिटांत त्या पत्त्यावरून काही हालचाल झाली नाही तर नाव खोडूनही टाकते. एका गिगाबिट भोकातून लहानात लहान पाकिटं सेकंदाला १४ लाख ८८ हजारांपर्यंत येऊ शकतात. दर पाकिटाला प्रोसेसरला हाक मारायची म्हटली तर तो बिचारा पहिल्या सेकंदातच स्वेच्छानिवृत्ती मागेल. म्हणून त्याला फक्त निवडक बाबतींत बोलावतात: वायर निघाली, वायर लागली, पाकीट खास त्याच्याच नावाचं आहे, आणि अशीच मोजकी. आमच्याकडे साधा चेकबुकाचा अर्जही साहेबांच्या कोंबड्यासाठी आत जातो.

हे इंटरप्टचं शास्त्र काही पोरासोरांनी काल काढलेलं नाही. १९५७ च्या सुमारास हॉलंडात एक्स-वन नावाचं यंत्र बनत होतं. त्यात इंटरप्ट घालायचं यंत्रवाल्यांनी ठरवलं आणि त्याचे प्रोग्रॅम लिहायचं काम आलं एड्सखर डाइक्स्ट्रा या माणसाकडे. पुढे कॉम्प्युटरच्या जगात ऋषितुल्य ठरलेला हा गृहस्थ ती कल्पना ऐकून हादरला, असं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. कारण हाक कुठल्या क्षणी येईल ते ठरलेलं नसतं. ती सदुसष्टला आली तर एक चूक होईल, अडुसष्टला आली तर दुसरी. आणि तपासायला बसलात तर तीच चूक पुन्हा होणार नाही. पण त्यानं ते काम निभावलं आणि १९५९ साली त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा ‘आठवून सांगा, कुठं चुकलं?’ असं ज्यांना विचारलं जातं, त्यांना डाइक्स्ट्राची धास्ती बरोब्बर समजेल.

आता या खटल्यातला मुख्य पुरावा. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की दर पाकिटाला हाक ऐकणाऱ्या यंत्रावर पाकिटांचा मारा वाढवत नेला, तर एका मर्यादेनंतर त्याचं काम वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतं आणि शेवटी जवळजवळ शून्यावर येतं. यंत्र बंद पडलेलं नसतं. उलट ते घाम गाळत असतं. पण त्याचा सगळा वेळ नव्या हाकांना ओ देण्यात जातो आणि घेतलेलं काम पुरं करायला क्षणही उरत नाही. अशी बँक डोळ्यांपुढे आणा, की जिथं सगळा स्टाफ सकाळपासून टोकनंच वाटतोय, ‘या, बसा, घ्या टोकन’ आणि पैसे कुणालाच मिळत नाहीत! या अवस्थेला म्हणतात ‘लाइव्हलॉक’. जिवंतपणीचं कुलूप. आमच्या शाखेला बाहेरनं एक कुलूप असतं ते रात्री लावतात. हे दुसरं दर महिन्याच्या एक तारखेला अकरा वाजता आतनं लागतं.

या दोघांनी सुचवलेल्या उपायांतला एक मला फार मोलाचा वाटला. यंत्राला पेलणार नाही इतकं काम आलं, तर जादा पाकीट दारातच टाकून द्यावं. त्याच्यावर अर्धी मेहनत करून मग फेकू नये. माणसाच्या भाषेत सांगायचं, तर म्हातारीचं काम आज होणार नसेल तर तिला अकरा वाजता दारातच तसं सांगा. तिला दीडपर्यंत उभी करून, तीन सह्या घेऊन, दोन झेरॉक्स काढायला पाठवून, मग ‘आजी, उद्या या’ म्हणू नका. पाकिटाला पाय नसतात आणि त्याची एसटीही चुकत नाही. तरी त्याच्यासाठी कुणीतरी एवढा विचार केला!

मग २००१ साली लिनक्सवाल्यांनी यावर तोड काढली. तिचं नाव ‘न्यू एपीआय’. ती समजायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही, पंचगंगेपर्यंत गेलं तरी पुरे. उन्हाळ्यात नदीच्या पाण्याची चौकशी कोण करतं? कुणी नाही. पाऊस लागला, राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं, की अख्खं कोल्हापूर जागं होतं. ही झाली पहिली हाक. त्यानंतर पाण्यानं इंचाइंचाला ओरडून चालेल का? एकदा जाग आली, की मग नियंत्रण कक्षच ठरलेल्या वेळी आकडा घेतो आणि जाहीर करतो. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तरी पद्धत तीच. पाणी उतरलं, की मोजणाऱ्याला पुन्हा विश्रांती. २०१९ आणि २०२१ साली पाणी या दोन्ही खुणांच्या कितीतरी वर गेलं, तेव्हा ज्यांनी रात्री जागून काढल्या त्यांना विचारा, आधार कशाचा वाटत होता. ‘पाणी आलं, पाणी आलं’ असा गल्लीगल्लीत उठणारा गिल्ला कामाचा नव्हता. वेळच्या वेळी येणारा फूट-इंचांचा आकडा कामाचा होता.

‘न्यू एपीआय’ हेच करतो. पहिल्या पाकिटाला हाक ऐकतो, लगेच हाकेची तार बंद करतो आणि मग स्वतः जाऊन पाकिटं उचलायला लागतो. एका खेपेला साधारण ६४. पाकिटं संपली की तार पुन्हा चालू. न संपली तरी ६४ नंतर उठतो, कारण दुसऱ्या दारांशीही कुणीतरी उभं असतं. असं स्वतः जाऊन विचारण्याला ‘पोलिंग’ म्हणतात. (हा शब्द ऐकल्यावर आम्हां बँकवाल्यांच्या पोटात गोळा येतो. कारण निवडणुकीला मतदान यंत्रं सांभाळायला आमचीच वरात निघते.)

दूधवाल्यांनाही हे कळतं. गोकुळ दूध संघ १९६३ सालचा. गावातल्या डेअरीत एकेका म्हशीचं दूध आलं, म्हणून टेंपो सुटत नाही; भांडी भरू द्यावी लागतात. पण भांडी भरेनात म्हणून दुपारपर्यंत थांबलं तर दूध नासतं. म्हणून दोन मर्यादा: भांडं भरलं तर निघा, किंवा वेळ झाली तर निघा, जे आधी होईल ते. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये अगदी अशाच दोन मर्यादा घालता येतात, इतकी पाकिटं किंवा इतके मायक्रोसेकंद. वरच्या ऑफिसनं दिवसभरात तेवीस वेळा तेवीस माहित्या मागवण्याऐवजी चार वाजता एकदम मागवाव्यात, ही माझी मागणी गावच्या डेअरीत कुणालाही पटेल.

हाकांचेही दोन प्रकार असतात. काही चिप हाक एकदाच मारतात. तुम्ही ऐकली तर ऐकली, नाहीतर गेली. काही चिप, कारण मिटेपर्यंत तार ओढून धरतात. पहिला प्रकार म्हणजे आमची म्हातारी. ‘बाळा, माझं बघतोस न्हवं?’ असं एकदा म्हणून बाजूला होणारी. दुसरा प्रकार म्हणजे काउंटरला कोपर टेकून उभा राहिलेला पेठेतला पैलवान गडी. तो काम झाल्याशिवाय जागचा हलत नाही आणि काउंटरही हलू देत नाही. चांगल्या ड्रायव्हरला दोघांची रीत ठाऊक असते. एकदाच हाक मारणाऱ्याची नोंद तो आधी, डोळ्यांत तेल घालून करतो. कारण ती हाक पुन्हा येणार नसते. आमच्याकडे नेमकं उलटं होतं, हे सांगायला नकोच.

आणि कुठल्या कुठल्या पेटीत तर पैसे वाचवायला किंवा जागेअभावी ही हाकेची तार जोडलेलीच नसते. तरी काम अडत नाही. मार्व्हेलच्या स्विच-चिपसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, तो तार नसली तर दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून दहा वेळा, स्वतः जाऊन विचारतो, ‘काही आहे का?’ ज्याला ओरडायचं साधनच नाही, त्याची चौकशी त्याच्यापाशी जाऊन करणारा एक तरी अधिकारी मला दाखवा. मी त्याला स्वखर्चानं मिसळ खायला घालीन, दोन्ही कट माझ्याकडून.

लिनक्समधली एक नोंद मात्र मी भाच्याकडून कागदावर लिहून घेतली आहे. एखाद्या तारेवर हाका येतच राहिल्या आणि कुठलाच ड्रायव्हर ‘ही माझी’ असं म्हणेना, तर लिनक्स मोजत बसतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाल्या, की तो रोजनाम्यात शेरा मारतो, ‘कुणालाच पडलेली नाही’, आणि ती तार बंद करून टाकतो. मराठीत शब्दशः एवढाच अर्थ होतो त्या शेऱ्याचा. उगीच ‘प्रकरण विचाराधीन आहे’, ‘यथावकाश कळवण्यात येईल’ अशी मखलाशी नाही. सरकारी पत्रव्यवहारात मी इतकं प्रामाणिक वाक्य कधी वाचलेलं नाही.

विरोधी पक्ष आता उठून उभा राहील. म्हणेल, ‘हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपल्याकडे चालायचं नाही.’ तर ऐकून घ्या. १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला. २००८ सालच्या ‘परम युवा’मधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला ‘परमनेट-३’ नावाचं जाळंही सी-डॅकनं स्वतःच बनवलं, स्विचसकट. आपल्याकडे स्विचला शिस्त लावता येते. साहेबाला लावायची राहिली आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘तार बंद करायचा हक्क एकदा क्लार्कला दिला, की तो ती उघडेल कशावरून?’ मान्य. असे ड्रायव्हरही असतात. हाक बंद करतात, काम संपवतात आणि तार पुन्हा उघडायला विसरतात. पेटीवरचे दिवे लुकलुकत राहतात, सगळं आलबेल दिसतं, आणि वायर निघाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावून चार वाजेपर्यंत जेवणारे आमचे काही बंधू मलाही ठाऊक आहेत. जुन्या टोकनाच्या जमान्यात लोक बाकावर तासन्‌तास पेंगायचे, हेही खरं. वरचा अर्धा चोख आणि खालचा अर्धा बेपत्ता! आम्ही कॉमर्सवाले याला सस्पेन्स खातं म्हणतो. रक्कम कुठं घालायची ते आत्ता कळत नाही, म्हणून तात्पुरती तिथं ठेवायची. ठेवायला हरकत नाही; पण ते खातं वेळेवर निरंक झालं नाही तर ऑडिटर मानगूट धरतो. तेव्हा माझी बाजू घेणाऱ्या क्लार्कबंधूंनी नीट समजून घ्यावं. गड्डी मोजेपर्यंत तार बंद ठेवणं हा आपला हक्क आहे. गड्डी मोजून झाल्यावर मोबाइल काढून बसणं हा नाही.

कोल्हापूर हे चळवळीचं गाव आहे. रस्त्यावरचा टोल आम्ही वर्षानुवर्षं भांडून २०१५ साली घालवला. ज्या गावानं टोल घालवला, त्या गावाला टोकन परत आणता येऊ नये? म्हणून बिंदू चौकात सभा होईल तेव्हा होवो. तूर्त सर्व संबंधितांना माझं हे निवेदन.

एक, पैसे मोजणाऱ्या माणसाशी पैसे मोजून होईपर्यंत कुणीही, साहेबानंसुद्धा, बोलू नये. अपवाद फक्त आगीचा; आणि आगसुद्धा काउंटरच्या आतल्या बाजूला लागलेली असावी.

दोन, आलेल्या प्रत्येकाला आल्याबरोबर पोच मिळावी. पितळी टोकन परवडत नसेल तर पुठ्ठ्याचं चालेल.

तीन, जे काम आज होणार नाही, ते दारातच सांगावं. झेरॉक्स काढून आणायला सांगण्याच्या आधी.

चार, जे ओरडत नाहीत त्यांच्यापाशी तासातून एकदा कुणीतरी स्वतः जाऊन विचारावं. दर १०० मिलिसेकंदांनी गेलंच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही.

पाच, फोनवरून बोलणारा हा रांगेतल्या शेवटच्या माणसाच्याही मागे उभा आहे, असं समजण्यात यावं.

हे निवेदन वाचून वरच्यांनी हातातलं काम टाकून माझ्याकडे धाव घ्यावी, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही; ते माझ्याच तत्त्वाविरुद्ध होईल. निवेदन मिळाल्याची पोच म्हणून एक टोकन तेवढं द्या. मी बाकावर बसतो. उत्तर सावकाश आलं तरी चालेल, पण दीडच्या एसटीच्या आत यावं.